गजभिये बाईंचा काळा पेन

आमच्या वस्तीने पेन दोनच ठिकाणी पाहिला होता. एक साहेबाच्या खिशाला आणि एक पोलिसाच्या हातात. त्या दोन्ही पेनांनी आमच्याविषयी काय लिहिलं, ते आम्हांला कोणी कधी वाचून दाखवलं नाही. तिसरा पेन गजभिये बाईंचा. काळा, परदेशी, सोन्याच्या निबीचा. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या, तेव्हाही नव्हता, असं त्यांची भाची सांगते. लोक म्हणतात, बाईंनी एका पेनाचे किती लाड केले! मी म्हणते, ते लाड नव्हते. ती भूमिका होती, आणि ती नीट समजून घ्यायला हवी.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत सातवीपर्यंतची सरकारी शाळा होती. बाई तिथल्या मुख्याध्यापिका. उंची बेताची, आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा, निळ्या काठाचं पांढरं पातळ. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि पुढे त्याच शाळेत काही काळ रजेच्या जागेवर शिकवलं. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. चुकलेली पत्रकं घरी यायची, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली आणि पुढच्या बाजूवर वाचायला शिकले. तेव्हा घोषणा माझ्या तोंडी लवकर आल्या. नियम कसा पाळायचा, ते मात्र बाईंकडे पाहून कळलं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. वस्तीतल्या बायका पेनाला 'बाईचा जावई' म्हणायच्या. "लगन नाही केलं, पण जावई पोसून राहिली वं माय!" असं कोणी मोठ्यानं म्हटलं, की बाई वळून उत्तर द्यायच्या, "हो ना. अन् तुह्या जावयापेक्षा जास्त काम करते."

जावयाचा थाट खरोखरच होता. बाईंच्या खांद्यावर कापडी पिशवी असायची. तिच्या आत त्यांनी एक अरुंद कप्पा शिवला होता आणि त्याला मलमलीचं अस्तर लावलं होतं. त्या कप्प्यात पेन एकटा राहायचा. सुटे पैसे, चष्मा, खडू, काही म्हणजे काही त्याच्या शेजारी ठेवायचं नाही. शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला, तोही दुसऱ्या बाजूला. "किल्ल्या अन् पेन एका जागी ठेवू नाही," त्या सांगायच्या. "एकाचं काम बंद करणं, दुसऱ्याचं उघडणं. पटत नाही त्याइचं."

खडूची भुकटी म्हणजे बारीक वाळूच, ती पॉलिशवर घासली की जाळं उमटतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून फळ्यावरून आल्या की आधी हात धुवायचे, पुसायचे, मग टोपण फिरवायचं. टोपण ओढायचं नाही, फिरवायचं. लिहिता लिहिता थांबल्या तर पेन टेबलावर आडवा ठेवायचा नाही, घडी घातलेल्या फडक्यावर ठेवायचा. पदराने कधीही पुसायचा नाही, पदरात रस्त्याची धूळ असते. संत्र्यांचा हंगाम सुरू झाला की आमच्या शिक्षकांच्या खोलीत दिवसभर सालं पडलेली असायची, आणि बाई दारातूनच ओरडायच्या, "साल चिरडली का तेल उडते गा! टेबल पुसा!" संत्र्याच्या सालीच्या तेलाने चकाकी मरते, हे त्यांना एकदा शिसपेन्सिलीच्या रंगावर दिसलं होतं. एवढा पुरावा त्यांना पुरेसा होता.

कोणी "बाई, पेन द्या जरा" म्हटलं, तर त्या पिशवीतून दुसराच पेन काढायच्या. जाडा, निळा, टोपण चावलेलं. "हा घ्या. हा गावाचा आहे."

काळा पेन त्यांनी साठच्या दशकात, पगाराची थकबाकी एकदम मिळाली तेव्हा, सीताबर्डीवरच्या एका दुकानातून घेतला. परदेशी माल तेव्हा सहज मिळत नसे. दुकानदाराने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आधी एक वापरलेला पेन पुढे केला. स्वस्तात पडेल म्हणाला. बाई म्हणाल्या, "ज्याले अजून कोणाचं बोट लागलं नाही, असा दाखवा." तेव्हा त्याने आतून काळा काढला आणि वर सल्ला दिला की काळ्यावर ओरखडा लगेच दिसतो, नक्षीचा घ्या, त्यात लपून जातं.

"दिसलाच पाहिजे," बाई म्हणाल्या. "लपला तं मी सांभाळीन कायले?"

हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. मी विचारलं होतं, एवढं जपता काहून? उत्तर म्हणून त्यांनी पारशिवनीकडच्या आपल्या गावची गोष्ट सांगितली. त्यांची आई तिथल्या मालगुजाराच्या वाड्यावर शेण-गोठ्याचं काम करायची. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी कोणीतरी वापरून टाकलेली असायची. लुगडं उतरलेलं, भांडं पोचलेलं, चप्पल दुसऱ्याच्या टाचेने झिजलेली. दीक्षेनंतर आमच्या लोकांनी उतरलेलं घेणं सोडलं, पण बाईंचं बालपण त्याच्या आधीचं. त्यांची पाटीही मालगुजाराच्या मुलीची होती. त्या मुलीने पाटीच्या लाकडी चौकटीवर खिळ्याने आपलं नाव कोरलेलं होतं, कुसुम. ते घासून जात नव्हतं.

"मास्तरानं पाटी पाहिली अन् मले वर्षभर कुसुम म्हणून हाक मारली," बाई म्हणाल्या. "मी वर्गाच्या बाहेर, वऱ्हांड्यात बसत होती. एवढ्या दुरून माहं नाव विचाराले कोण येते? मी शांता होती हे त्याले परीक्षेच्या दिवशी समजलं."

हे सांगून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "ओरखडा म्हणजे काय वं? आपल्या आधी कोणीतरी वापरल्याची सही. माह्या या वस्तूवर मले कोणाची सही नाही पाहिजे."

पण पेन शोभेचा नव्हता. बाई रोज त्यानेच लिहायच्या. हजेरी, दाखले, मुलींच्या वह्यांवरचे शेरे, सगळं. नव्या माणसाला वाटायचं, इतका चकचकीत आहे म्हणजे कधी वापरत नसणार. तेव्हा बाई टोपण फिरवून निब दाखवायच्या. ती एका बाजूने झिजून त्यांच्या हाताच्या वळणाची झाली होती. "अंगावर ओरखडा नको, निब झिजली पाहिजे," त्या म्हणायच्या. माणसांबद्दलही त्यांचं हेच म्हणणं असावं.

आमच्या तरुण मंडळात प्रकाश नावाचा एक फटाकडा होता. सत्तरच्या दशकातले ते दिवस. आम्ही संध्याकाळी पत्रकं लिहायचो आणि सकाळी वाटायचो. बाईंनी आमचा मजकूर तपासून द्यावा म्हणून एकदा आम्ही त्यांच्याकडे गेलो. बाईंनी हात धुतले, फडकं पसरलं, टोपण फिरवलं. प्रकाशला राहवलं नाही.

"बाई, इकडं पोट्टे उपाशी झोपून राहिले, अन् तुम्ही सोन्याच्या निबीनं लिहून राहिल्या!"

"मंग कशानं लिहू गा?"

"साध्या पेनानं. आपल्या लोकाइसारख्या."

"गरिबीवर लिहाचं म्हणून पेन बी गरीब पाहिजे काय?" बाईंनी विचारलं. "तुले भाषण द्याचं असलं का तू फाटका शर्ट शोधतं. मले माहीत आहे, तुह्या घरी चांगला आहे एक."

आम्ही सगळे हसलो, प्रकाशसुद्धा. मग बाईंनी पत्रकावर पेन टेकवला आणि पहिल्याच ओळीतला एक शब्द खोडला. आम्ही लिहिलं होतं, 'आमचे बिचारे बांधव'.

"बिचारे काढ," त्या म्हणाल्या. "तो शब्द त्याइले वापरू दे."

ते पत्रक छापून आलं तेव्हा प्रकाशने ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली. त्यानंतर तो बाईंच्या पेनाबद्दल कधी बोलला नाही.

आता साहेबांची गोष्ट. वस्तीत ही गोष्ट अजून सांगतात आणि बहुतेकजण चुकीची सांगतात. मी तेव्हा शाळेत रजेच्या जागेवर होते, म्हणून सगळं समोर पाहिलं.

आमच्या शाळेचा सातवीचा वर्ग धोक्यात आला होता. पटावर मुली होत्या, बाकावर दिसत नव्हत्या, कारण घरोघर विड्या वळायचं काम चाले आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे हात त्यात सगळ्यात जलद चालतात. वर्ग बंद झाला तर मुलींनी रेल्वेलाइनीपलीकडच्या शाळेत जायचं, असं शिक्षण खात्याच्या कार्यालयाचं म्हणणं. लाइनीपलीकडे मुलगी पाठवणारं घर आमच्या वस्तीत एकही नव्हतं. म्हणजे वर्ग बंद होणं याचा अर्थ मुलींचं शिक्षण बंद होणं, एवढा साधा हिशेब होता.

बाईंनी त्यावर एक उपाय काढला होता. घरोघर जाऊन त्यांनी सांगितलं, "पोरीसंगं सूप बी पाठवा." त्यामुळे आमच्या सातवीत प्रत्येक मुलीच्या बाकाखाली तेंदूपानं आणि तंबाखूचं एक सूप असायचं. शिकवताना हात लावायचा नाही. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून खुशाल वळा. वर्ग पुन्हा भरला.

त्या हिवाळ्यात तपासणीला नवे साहेब येणार असं कळलं. वर्ग ठेवायचा की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. आमचे सहशिक्षक मुळे सर स्वभावाने सज्जन, पण भित्रे. त्यांचे मेहुणे त्याच खात्यात. ते बातमी घेऊन आले की साहेबांनी ज्या वस्तूची तारीफ केली ती वस्तू साहेबांच्या जीपमधून जाते, अशी त्यांची ख्याती आहे. एका शाळेतलं भिंतीवरचं घड्याळ असंच गेलं.

"बाई, माझं ऐकाल का?" मुळे सर म्हणाले. "त्यांची नजर पेनावर गेली, तर आपणच हसून द्यावा. वर्ग वाचेल."

"अन् पुढच्या वर्षी काय देऊ? टेबल?"

मुळे सरांनी विषय सोडला, पण कौसाबाईने सोडला नाही. तिची मुलगी विमल सातवीत होती, वर्गात पहिली. नवरा नव्हता, विड्यांवर घर. ती शाळेच्या दारात उभी राहून बाईंना म्हणाली, "देऊन टाका वं तो जावई, बाई. तुमच्या पेनापायी माह्या पोरीचं शिक्षण जाऊ देता काय?"

हा प्रश्न खोटा नव्हता. तत्त्वाची किंमत नेहमी दुसऱ्याच्या लेकराने का द्यायची, असं तो विचारत होता, आणि मी माझ्या सगळ्या पत्रकांमध्ये त्याचं उत्तर शोधलं तरी सापडलं नसतं. बाईंनी कौसाबाईला आत बोलावून स्टुलावर बसवलं.

"कौसा, वर्ग आपल्या पोरीइचा आहे. बाकावर बसून त्याइनं कमावला. मी पेन देऊन घेतला, तं तो साहेबानं देल्ला होते. देणारा वापस बी नेते. उतरलेलं लुगडं आपण सोडलं ना? मंग उतरलेला वर्ग काहून घेऊ?"

"अन् नाही भेटला तं?"

"तं भांडू. पण आपलं म्हणून भांडू."

कौसाबाई उठली. तिला पटलं नव्हतं, आणि तसं ती सांगूनच गेली.

साहेब आले. जीप मैदानात उभी राहिली. सातवीत शिरले, मुली मोजल्या, आणि खाली वाकून सुपं पाहिली. "ही शाळा आहे की विड्यांचा कारखाना?"

"सूप बाहेर ठेवा म्हटलं, तर पोरीही बाहेर राहतील साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांशी त्या वर्गातल्यासारखं पुस्तकी बोलत होत्या. "काही विचारून पाहा त्यांना."

साहेबांनी विचारलं. विमलने उत्तरं दिली, इतरांनीही दिली. साहेबांना काढायला खोट सापडली नाही, तेव्हा ते बाईंच्या खोलीत येऊन बसले. मुळे सरांनी संत्र्यांची परडी पुढे ठेवली. साहेबांनी स्वतःच एक संत्रं सोललं, फोडी खाल्ल्या, सालं बशीत टाकली. बाई फडक्यावर पेन ठेवून शाळेची माहिती सांगत होत्या. साहेबांची नजर पेनावर थांबली.

"वा! फार सुंदर पेन आहे, बाई. बघू."

आणि त्यांनी हात पुढे केला.

मुळे सरांनी डोळे मिटले. बाई शांतपणे म्हणाल्या, "पाहा ना. पण आधी हात धुऊन घ्या, साहेब."

त्या खोलीत जे झालं, ते दुसऱ्या कुठल्या देशातल्या माणसाला समजावून सांगावं लागेल. आमच्याकडे लागत नाही. आमच्यापैकी एका बाईने त्यांच्यापैकी एका माणसाला सांगितलं की माझ्या वस्तूला शिवण्याआधी हात धू. साहेबांचा हात हवेत तसाच राहिला. त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुम्ही मला हात धुवायला सांगता?"

"संत्र्याचं तेल लागतं पेनाला. चकाकी जाते. मीही धुते. सगळ्यांनाच सांगते." असं म्हणून बाई उठल्या, कोपऱ्यातला तांब्या भरून घेतला आणि दाराशी उभ्या राहिल्या. "या, मी पाणी घालते."

एवढंच राहिलं होतं. आता साहेबांनी हात पुढे करायचे आणि बाईंच्या हातचं पाणी त्यावर घ्यायचं. साहेब तांब्याकडे पाहत राहिले. पेन हवा होता हे डोळ्यांत दिसत होतं. पण ते उठले, बाईंच्या बाजूने अंग चोरून बाहेर पडले आणि जीपमध्ये बसले. वर्गावरचा शेरा त्यांनी शाळेत लिहिलाच नाही. बाईंनी तांब्यातलं पाणी व्हरांड्यातल्या कुंडीत ओतलं आणि मुळे सरांना म्हणाल्या, "टेबल पुसून घ्या सर. सालं चिरडली आहेत."

काही दिवसांनी वर्ग बंद करण्याचा हुकूम आला.

मला वाटलं, वस्ती आता बाईंच्या दारावर दगड मारेल. आधी तशी कुजबुज झालीसुद्धा. पण मधल्या काळात खोलीतली गोष्ट शिपायाच्या तोंडून बाहेर पडली होती आणि गल्लीगल्लीत फिरत होती. विड्या वळता वळता बायका एकमेकींना सांगत होत्या, "बाईनं साहेबाले हात धुवाले लावले वं!" म्हाताऱ्या माणसांनी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. हुकूम आला त्या सकाळी कौसाबाईने आपलं सूप उचललं, विमलचं दप्तर उचललं आणि ओरडून सांगितलं, "चाला वं! पोरी शाळेत नाही बसतीन तं साहेबाच्या वऱ्हांड्यात बसतीन."

बायका तिच्यामागे निघाल्या. कार्यालयाच्या लांब व्हरांड्यात एका बाजूला मुली पुस्तकं उघडून बसल्या, दुसऱ्या बाजूला आया सुपं मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या. आम्ही पत्रकं वाटली, पण खरं सांगायचं तर आमची गरज नव्हती. तंबाखूच्या भुकटीने कारकून शिंकत होते. कोणी हटकलं, की कौसाबाई म्हणायची, "आमचा वर्ग घ्याले आलो. भेटला का चाललो." बाई मुलींसमोर उभ्या राहून भूगोल शिकवत होत्या, नेहमीच्या आवाजात, आणि तो आवाज आतल्या प्रत्येक खोलीत जात होता. आठवडा संपायच्या आत हुकूम मागे घेतला गेला. कोणाची मेहेरबानी झाली नाही. कोणाला काही द्यावं लागलं नाही.

विजयाचं पत्रक मी लिहिलं. मथळा दिला, 'हात धुवा, साहेब!' बाईंनी ते वाचलं आणि मथळ्यावर काट मारली.

"काहून बाई? खरं तर आहे."

"तू बदला लिहून राहिली वं सुमन. मी बदला नाही घेतला. मी माही वस्तू सांभाळली. तो तेलकट हात होता, बाकी काही नाही."

"सगळी वस्ती तर तसंच समजते."

"समजू दे. छापू नको."

मी वाद घातला, बाईंनी ऐकलं नाही. आज मला वाटतं, त्यांचं बरोबर होतं. नियम कलेक्टरला, मुळे सरांना, मला, सगळ्यांना एकच होता. साहेबांना त्यात अपमान दिसला, वस्तीला सूड दिसला, आणि दोघांनाही हे दिसलं नाही की सगळ्यांना सारखा नियम लावणं हीच आमच्या देशातली सगळ्यात भडक गोष्ट आहे. तिला वेगळा मथळा लागत नाही.

पुढे बाईंची बदली झाली, मीही खापरखेड्याला भावाकडे राहायला गेले, तिथेच नोकरी लागली. बाईंच्या पश्चात पेन त्यांच्या भाचीकडे आहे. ती त्यानेच लिहिते. निब अजून तिच्या हाताला वळलेली नाही, म्हणते.

मी बाईंना शेवटचं पाहिलं ते वर्ग वाचला त्याच वर्षी, सातवीच्या परीक्षेच्या दिवशी. परीक्षेचं केंद्र लाइनीपलीकडे होतं. ज्या लाइनीपलीकडे कोणी मुलगी पाठवत नव्हतं, तिथे त्या सकाळी आख्खा वर्ग निघाला होता आणि सगळ्यात पुढे बाई होत्या. फाटकाच्या अलीकडे मोठा रस्ता लागतो. बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक हात वर केला. शहराकडे जाणारी बस ब्रेक लावून थांबली, तिच्यामागे सायकल रिक्षा, ट्रक, सायकली. मुली दोन वेण्या, धुतलेले फ्रॉक आणि हातात पुठ्ठ्यांची पॅडं घेऊन रस्ता ओलांडू लागल्या. कोणी धावत नव्हतं. एकीची चप्पल निघाली, ती वाकून घालत बसली, तरी बाईंनी तिला घाई केली नाही. विमल सगळ्यात मागे, लहान मुलींना पुढे घालत येत होती.

कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लटकला आणि वैतागून ओरडला, "ओ बाई! अजून किती पोट्ट्या हायेत?"

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात तसाच वर ठेवून म्हणाल्या, "येऊन राहिल्या. तू थांब."